इंगवले काकांनी खरवडलेला चेहरा

इंगवले काका गेले तेव्हा आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकात त्यांच्यावर चार ओळी आल्या. त्यात त्यांना 'सदा हसतमुख' म्हटलं होतं. कपाळ माझं! पाच वर्षं मी त्या माणसाच्या शेजारच्या टेबलाशी काम केलं. त्या पाच वर्षांत त्यांना हसताना मी दोनदा पाहिलं, आणि त्यातलं एक हसणं असं होतं की त्याऐवजी ते रडले असते तर बरं झालं असतं. चार ओळी लिहिणाऱ्याचा दोष नाही, त्याला बिचाऱ्याला काही ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले, म्हणून हे लिहायला घेतलंय.

ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहायचो. नवरा कंपनीत, मुलगी शाळेत, आणि मी नागपूरची इतिहासाची एम.ए., दिवसभर खिडकीतून शेजाऱ्याचं लॉन बघत बसलेली. शेवटी वूस्टरमधल्या एका जुन्या ग्रंथालयात कार्डं टाइप करायची पार्टटाइम नोकरी मिळाली. तिथल्या तळघरात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी व्यंगचित्रांचा मोठा संग्रह होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली आणि मग हातानं रंगवलेली चित्रं. लंडनच्या दुकानांच्या खिडक्यांत ती टांगायचे आणि रस्त्यावर ही गर्दी जमायची. राजा, राजपुत्र, मंत्री, सेनापती, कुणाची म्हणून गय केलेली नाही. राजपुत्र म्हणजे बटणं तुटायला आलेलं पोट, पंतप्रधान म्हणजे काठीला घातलेला कोट. काही चित्रांत तर अशा जागा उघड्या दाखवलेल्या की कार्डावर वर्णन काय टाइप करायचं हा मला प्रश्न पडायचा.

पहिल्या दिवशी तळघरात उतरले तर एक बुटका, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा माणूस पाठमोरा उभा राहून शेगडीवर काहीतरी ढवळत होता. वळूनसुद्धा न बघता तो मराठीत म्हणाला, "डब्यात मेथी आणलीयस."

मी थक्क झाले. अमेरिकेत येऊन तळघरात मराठी माणूस भेटेल असं मला सात जन्मांत वाटलं नसतं. मी जवळ जाऊन भांड्यात डोकावले आणि विचारलं, "काका, हे काय, खीर?"

"खळ. गव्हाच्या पिठाची. खाऊ नकोस म्हणजे झालं."

हे सदाशिव इंगवले. कोल्हापूरकडचे, तिथेच चित्रकला शिकलेले, बहिणीच्या आधारानं चौऱ्याहत्तरला अमेरिकेत आलेले, एकटे. ग्रंथालयात त्यांचं काम फाटकी चित्रं दुरुस्त करायचं. चित्र पाण्याच्या ट्रेमध्ये पसरून धुवायचं, डाग काढायचे, फाटलं असेल तिथे मागून पातळ कागद ती खळ लावून चिकटवायचा. खळ रोज सकाळी ताजी. कालची उरलेली असली तरी फेकून द्यायचे. बाजारात तयार मिळते म्हणून मी एकदा सांगून पाहिलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

कामाच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता. कागदावर जे आहे ते काढायचं नाही, जे नाही ते घालायचं नाही. एका चित्रात मंत्र्याचं डोकंच उंदरानं खाल्लं होतं. ग्रंथालयाचे एक विश्वस्त खाली आले आणि फार गोड आवाजात म्हणाले की तुमचा हात एवढा छान आहे, दुसऱ्या प्रतीवरून बघून डोकं काढून द्या ना, प्रदर्शनात बरं दिसेल. काकांनी भोकाला कोऱ्या कागदाचं ठिगळ लावलं आणि चित्र तसंच वर पाठवलं. विश्वस्त पुन्हा खाली आले. काका म्हणाले, "उंदरानं खाल्लं हीपण आता त्या चित्राची गोष्ट आहे." हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि त्यांचं इंग्रजी असं की ऐकणाऱ्याला शिवी दिल्यासारखं वाटायचं. विश्वस्त गेले ते गेलेच.

त्यांचं पहिलं हसणं त्याच हिवाळ्यातलं. मी जाड्या राजपुत्राच्या एका चित्राचं कार्ड करत होते. "काका, हा कसल्या सिंहासनावर बसलाय हो? फारच ठेंगणं आहे," असं मी अगदी भाबडेपणानं विचारलं. ते आले, वाकून बघितलं, आणि खाली बसले ते हसतच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते सिंहासन नव्हतं, शौचाचं भांडं होतं. "आई गं, नागपूरची एम.ए.!" असं म्हणून पुन्हा हसले. त्या दिवसापासून मी त्यांची 'पोरी' झाले.

त्या चित्रांवर त्यांचा राग होता की प्रेम, हे मला बरेच दिवस कळेना. एकदा म्हणाले, "बघ की, स्वतःच्या राजाला ह्यांनी भांड्यावर बसवून खिडकीत टांगलं. आणि आपल्याकडे कुणी चार ओळी छापल्या तर ह्यांनीच राजद्रोहाचा खटला भरला." मी म्हटलं, बरोबर आहे, दुटप्पीच मेले. तर लगेच माझ्यावर उलटले. "तसं नव्हे गं. इथं छापू दिलं कारण त्यांना ठाऊक होतं, ह्यानं काही बिघडत नाही."

एक पाहुणे प्राध्यापक आले होते. व्यंगचित्रांनी सत्तेला कसा हादरा दिला, ह्यावर त्यांनी वाचनकक्षात तासभर भाषण दिलं. काका शेवटच्या रांगेत होते. भाषण संपल्यावर उठून म्हणाले, "ह्या चित्रांनी एक तरी मंत्री पडला का?" प्राध्यापक गडबडले. काका म्हणाले, "मंत्री स्वतः नोकर धाडून विकत घ्यायचे आणि घरी जपून ठेवायचे. आपलं चित्र आलं नाही तर रुसायचे." प्राध्यापकांनी हसून मान्य केलं. खाली आल्यावर हात धुताना काका माझ्याकडे न बघता बोलले, "चित्रानं साहेबाला काही होत नाही. होतं ते त्याच्या शेजारी काढलेल्या माणसाला." मला त्याचा अर्थ लागला नाही आणि मी विचारलंही नाही.

तो अर्थ लागला गणपतीत. आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात बसायचा. आरती झाली, जेवणं झाली, आणि कुणाला तरी आठवलं की इंगवले काका पूर्वी कार्टुनिस्ट होते. झालं! एकानं फळा ओढून आणला, दुसऱ्यानं मार्कर हातात कोंबला. "काका, आपल्या मंडळाच्या प्रेसिडेंटचं एक कार्टून काढा यार! आणि बाजूला ट्रेझररला पण घाला, त्यांच्या मागे मागे पळताना!" ट्रेझरर बिचारे कोपऱ्यात पत्रावळी गोळा करत होते, तेही हसले. काकांनी मार्करचं टोपण घट्ट लावलं, टेबलावर ठेवला आणि चालू पडले. मी मागे धावले. पार्किंग लॉटमध्ये ते गाडीत बसले होते, किल्ली हातात तशीच.

"तो माणूस हसला बघितलंस?" ते म्हणाले. "नामदेवपण असाच हसला होता."

मग त्यांनी सांगितलं. भर दुपारी, काचा बंद करून.

त्यांच्या तालुक्यात एक साखर कारखाना होता आणि कारखान्याचे चेअरमन म्हणजे तालुक्याचे देव. काका एका साप्ताहिकात दर आठवड्याला चेअरमनवर व्यंगचित्र काढायचे. चेअरमनच्या पायाशी जोडे छातीशी धरून वाकलेला एक लाळघोट्या हवा होता. त्याला तोंड कुणाचं द्यायचं? छापखान्यात समोर नामदेव शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत बसलेला, शाळेपासूनचा दोस्त. पुढे आलेले दात, बसकं नाक, काढायला लई सोपं. काकांनी विचारलं, तर तो म्हणाला, "घाल की! तेवढंच पेपरात नाव." गंमत म्हणून घातला आणि लोकांना तो चेअरमनपेक्षा जास्त आवडला. लोकांनी त्याला नावही दिलं, जोडे नामा.

आणि खरा नामदेव कसा? तर कारखान्यातल्या कामगारांची पत्रकं चेअरमनच्या विरुद्ध लपून छापून देणारा. जिवावर उदार होऊन. हे फक्त काकांना आणि युनियनच्या दोघांतिघांना ठाऊक.

दोन वर्षांनी नामदेव म्हणाला, "सदा, आता मला काढ की त्यातनं. पोरीला शाळेत चिडवतात." काका म्हणाले, दिवाळीपर्यंत थांब. दिवाळी झाली, मग म्हणाले निवडणुकीपर्यंत. "त्याच्याशिवाय चित्राला मजा येत नव्हती गं," ते मला म्हणाले. "लोक आधी त्यालाच शोधायचे. मला ते सोडवेना."

मग संप झाला. युनियनची एक बैठक फुटली, चेअरमनला आतली खबर गेली. खबर कुणी दिली असेल? नवी पोरं होती युनियनमध्ये, त्यांना नामदेव ठाऊक नव्हता, जोडे नामा ठाऊक होता. त्यांनी त्याला बाजाराच्या दिवशी गाठलं. मारलं, आणि दोन्ही हातांची बोटं दगडानं ठेचली. ज्या कामगारांची पत्रकं त्यानं जुळवली होती त्यांनीच. त्यानंतर नामदेवला खिळा उचलता आला नाही. काकांनी ब्रश ठेवला तो कायमचा. चेअरमन हसत हसत साप्ताहिकाच्या मालकाकडून ती मूळ चित्रं घेऊन गेले आणि फ्रेम करून कचेरीत लावली.

"दर महिन्याला पत्र लिहितो त्याला," काका म्हणाले. "एकाचंही उत्तर नाही. त्याची माफी मिळाल्याशिवाय मला मरायचं नाही, बाकी काही नको."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला.

पंच्याऐंशीच्या शेवटी चेअरमनचं पत्र आलं. कारखान्याचा रौप्यमहोत्सव आहे, आपल्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं आहे. काकांनी उलट टपाली कळवलं, लावू नका. उत्तर आलं, असं कसं, लोक खास जोडे नामाला बघायला येतात. चित्रांना पाणी लागलंय, वाळवी लागलीय, आपण तिकडे हेच काम करता असं समजलं, तर दुरुस्त करून द्यावीत. चेअरमनचा पुतण्या विक्रम वूस्टरलाच इंजिनिअरिंग करत होता. जानेवारीत सुट्टीहून परत येताना तो तेवीस चित्रं एका चपट्या पेटीत घालून घेऊन आला. "काका, केअरफुली हं," तो म्हणाला. "अंकलचा जीव आहे त्यांच्यावर."

काकांनी पंधरा दिवस रजा घेतली. त्यांनी रजा घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. म्हणून एका शनिवारी दुपारी डबा घेऊन मी त्यांच्या अपार्टमेंटवर गेले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रं ओळीनं मांडली होती आणि मधोमध दाढीचा आरसा. प्रत्येक चित्रात जोडे छातीशी धरून वाकलेला माणूस होता, आणि त्याचं तोंड धारदार सुरीनं अलगद खरवडून, कागद घासून गुळगुळीत केलेला होता. त्या जागी नव्या शाईत रुंद जबडा, जाड भुवया, पांढऱ्या मिशा. इंगवले काका. अठरा चित्रांत काका होते, पाच बाकी होती. काय हात होता हो त्या माणसाचा! पंधरा वर्षं ब्रश धरला नव्हता, पण त्या चित्रातल्या डोळ्यांतली लाचारी अशी की डबा हातात तसाच धरून मी एकेक चित्र पुन्हा बघत गेले.

"काका, तुमचा नियम?" मी कशीबशी म्हणाले.

"तो दुसऱ्यांच्या चित्रांना. हे पाप माझं आहे, मला खोडू दे."

मला रडू आलं, आणि आनंदही झाला. कसला आनंद ते सांगता येत नाही. वाटलं, सुटला हा माणूस. आणि मग मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. मी म्हणाले, "हे नामदेवकाकांना कळवा. प्रदर्शनाला जाऊन बघा म्हणावं. स्वतःच्या डोळ्यांनी." हे मी सुचवलं, मीच. काकांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. त्याच दुपारी त्यांनी पत्र लिहिलं. चित्रंही महोत्सवाआधी कारखान्यावर पोचती झाली.

उत्तर मे महिन्यात आलं. पंधरा वर्षांतलं पहिलं. ते नामदेवचं नव्हतं, त्याच्या मुलीचं होतं. काकांनी ते तळघरात उभ्यानं वाचलं आणि माझ्यापुढे धरलं.

तिनं लिहिलं होतं की बाबा बाजाराच्या त्या दिवसानंतर कधी गर्दीत गेले नव्हते. तुमचं पत्र आल्यावर त्यांनी धोतर धुऊन घेतलं, मला म्हणाले चल, सदानं मला त्यातनं काढलंय. आम्ही गेलो. मंडपात शिरताच कुणीतरी ओरडलं, आला बघा जोडे नामा, स्वतःचा फोटो बघायला आला. सगळे हसले. बाबा चित्रापुढे गेले, बोटानं दाखवायला लागले की हा मी नाही, नीट बघा, हा मी नाही. त्यांचं ते वाकडं बोट बघून लोक आणखी हसले. तुमचं तोंड कुणी ओळखलं नाही. घरी आल्यापासून बाबा बोलत नाहीत. कृपा करून आता पत्र पाठवू नका.

माझं वाचून झालं. वर बघते तर काका हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते आणि दात दिसत होते.

"तोंड कुणी बघतच नव्हतं, पोरी," ते म्हणाले. "वाकलेली पाठ बघायचे. ती तशीच ठेवली मी. जन्मभर हेच काम केलं आणि एवढं कळलं नाही." मग पत्राची घडी घालत म्हणाले, "दोनदा मारला मी त्याला."

मी म्हणायला हवं होतं की दुसऱ्यांदा मी मारला. तोंडाशी आलं होतं. मी टाइपरायटरवर कव्हर घातलं आणि मुलीला शाळेतून आणायची आहे म्हणून निघाले. त्या दिवशी तिची शाळा उशिरापर्यंत होती. ह्याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर काका कामावर येत राहिले. खळ ताजी, हात तसाच नेमका. पण चित्रांबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. कॉलेजची मुलं बघायला आली आणि हसायला लागली की ते उठून बाहेर जायचे. संध्याकाळी घरी जाऊन काहीतरी लिहायचे. ऑक्टोबरात पाच पानं माझ्यापुढे ठेवली, चार प्रती कर म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे. नामदेवची हकीकत होती. काय काम करायचा, कुणाची पत्रकं छापली, कुणी मारलं, चूक कुणाची. त्यात एकही विनोद नव्हता, एकही चित्र नव्हतं. इतकं कोरडं मराठी मी आयुष्यात वाचलेलं नाही.

एक प्रत त्या जुन्या साप्ताहिकाला गेली, एक कोल्हापूरच्या दैनिकाला. उत्तर नाही. एक आमच्या मंडळाच्या संपादकांना दिली. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही काकांना समजवा ना. दिवाळी अंक आहे, थोडं लाइट काहीतरी हवं. एखादं कार्टून दिलं असतं तर कव्हरवर घेतलं असतं."

मी हे काकांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

चौथी प्रत जानेवारीत पुण्याच्या एका मासिकाला पाठवायची होती. कामावरून निघताना बर्फ पडत होता, म्हणून मीच म्हटलं, चला, गाडीनं सोडते. वाटेत त्यांनी कोपऱ्यावर थांबवायला लावलं. उतरले, निळ्या टपालपेटीवरचा बर्फ बाहीनं पुसला, झाकण ओढून पाकीट आत टाकलं. झाकण सोडलं. मग पुन्हा उघडून, आत वाकून बघितलं, पडलं का म्हणून. मी काच खाली करून ओरडले, "काका, पडलं हो! चला, गारठाल!" त्यांनी हातानं मला थांब म्हणून खूण केली आणि तिसऱ्यांदा उघडून बघितलं. त्यांना ह्यानंतर मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला ताप आला म्हणून मी आठवडाभर घरी होते, आणि त्याच आठवड्यात ते झोपेत गेले.

पुण्याच्या मासिकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा ती पाच पानं आता माझ्याकडूनच ऐका, मला त्यांच्या पहिल्या दोन ओळी तरी पाठ आहेत. नामदेव धोंडी सुतार हे खिळे जुळवायचे. चेअरमनचे जोडे त्यांनी आयुष्यात कधी उचलले नाहीत.